दार उघडं ठेवून जेवणं

जेवताना दार उघडं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावरून मला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा लिहिण्यात थोडं इकडचं तिकडं होईल, ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण माझं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आमचं गाव परभणीकडं. तिकडं माणूस जेवायला बसला की दारासमोरून जो जाईल त्याला हाक घालतो, "या जेवाया." जाणारा थांबत नाही. चालता चालता म्हणतो, "होऊ द्या." संपलं. तो जेवायला येत नाही, त्यानं यावं असं आपल्यालाही वाटत नसतं. पहिली हाक मानाची असते. खरंच बसवायचं असलं तर दुसरी हाक जाते, हात वर करून, "अहो या की, भाकर गरम हाय." दुसऱ्या हाकेला बसलं तर चालतं. पहिल्या हाकेला जो येऊन बसतो तो एक तर लांबचा पाहुणा, नाहीतर खुळा.

हे सगळ्या गावात चालायचं, पण आपापल्या आळीत. आमची आळी गावाच्या शेवटाला. आमच्या आळीतला माणूस वरच्या आळीतून गेला तर त्याला कोणी हाक घालायचं नाही. आणि त्यांच्यातला कोणी आमच्या दारावरून गेला तर जेवणारा ताट सारून उभा राहायचा. माझा आजा असाच उभा राहायचा. सुगीत तो खळ्याच्या कडेला उभा राहायचा आणि धोतराच्या सोग्यात जे पडेल ते घेऊन यायचा.

मी लहान होतो तेव्हा आम्ही बौद्ध झालो. बापानं खळ्यावर जाणं सोडलं. उभं राहणंही सोडलं. दारात मांडी घालून बसायचा, पुढ्यात भाकर आणि ठेचा, आणि समोरून बैल घेऊन कोणी मोठा शेतकरी चालला की मोठ्यानं म्हणायचा, "या जेवाया." तो माणूस बैलाच्या शिंगांकडं बघत निघून जायचा.

आई आतून म्हणायची, "कशाला हाक घालता? उगं भांडण व्हायचं."

बाप म्हणायचा, "मी जेवतोय, तो चाललाय. हाक नको घालू? त्यानं काय म्हणायचं ते त्याचं तो बघंल."

पुढं पुढं त्यातले काही घशातल्या घशात "हं" म्हणायला लागले. "होऊ द्या" मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं नाही. आणि त्या घरांतून बापाला कधी जेवणाची हाक आली, असं तर झालंच नाही. पण बापानं हाक सोडली नाही. मी त्याचाच पोरगा आहे.

मोठ्या दुष्काळानंतर मी उल्हासनगरला आलो आणि पत्र्याची कपाटं करणाऱ्या कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे एक गाळा, पुढं रस्त्यावर मांडलेली कपाटं आणि मागं रंगाचा धूर. कपाटाला दारं बसवायचं काम माझं. चाळीस वर्षं तेच केलं. राहायला कॅम्पात एक खोली होती, दार थेट गल्लीत उघडायचं. गल्लीत सिंधी, खानदेशी, सोलापूरचे, यूपीचे, सगळे. शुक्रवारी लाइट नसायची म्हणून कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी दुपारी मी दारात ताट घेऊन बसायचो आणि जो जाईल त्याला हाक घालायचो.

कोपऱ्यावर पापडाचं दुकान होतं, त्याचा सिंधी शेठ दुपारी आमच्या दारावरून घरी जेवायला जायचा. त्याला पहिल्यांदा हाक घातली तेव्हा तो थांबला. माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, चप्पल काढली आणि आत येऊन बसला. माझी बायको चुलीशी तशीच राहिली. टोपात दोघांपुरतंच होतं. तिनं आपलं ताट त्याला दिलं. शेठनं पिठल्याचं कौतुक करत करत सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशी पापडाचं मोठं पुडकं पाठवलं आणि पुढच्या शुक्रवारी परत येऊन बसला.

असं बरेच शुक्रवार चाललं. शेवटी बायको म्हणाली, "आता तुम्ही सांगता का मी सांगू?" तेव्हा मी त्याला रीत समजावली. शेठ इतका हसला की त्याला ठसका लागला.

"अरे मास्तर, पहले बोलना था ना. मैं घर जाके बायको को बोलता था, वो मराठा लोक देखो, कितना दिलदार है."

"मराठा नाही शेठ, बौद्ध."

"हां, वही. दिलदार है ना? अब बता, बोलने का क्या?"

"होऊ द्या."

तेव्हापासून तो लांबूनच, मी हाक घालायच्या आधीच हात हलवत ओरडायचा, "होऊन द्या मास्तर, होऊन द्या." गल्लीतले बाकीचेही शिकले. यूपीचा भाजीवाला गाडी ढकलत म्हणायचा, सोलापूरची म्हातारी म्हणायची. मी एक हाक घालायचो आणि चार तोंडांनी उत्तर यायचं. बापाला ज्याची आस होती ते मला उल्हासनगरच्या गल्लीत फुकट मिळालं. तेव्हा त्याची किंमत कळली नाही. शेठ आता नाही. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

मग मुलानं बदलापूरच्या सोनिवलीला फ्लॅट घेतला. मुलगा अंबरनाथला कंपनीत आहे, सूनबाई बदलापुरात शाळेत शिकवते. उल्हासनगरची खोली पडायला आली होती, गटाराचं पाणी आत यायचं. मुलगा म्हणाला, "बाबा, चला आता," आणि आम्ही गेलो. फ्लॅट चांगला आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. वारा येतो. मी नावं ठेवत नाही.

आमची म्हातारी तर तिकडं लगेच रुळली. नळाला पाणी, संडास घरात, विहारात बायकांचा गट. आणि तिला सगळ्यात काय आवडलं, तर बंद होणारं दार. एकदा मला म्हणाली, "आयुष्यभर तुम्ही हाक घालायची आणि पोटात गोळा माझ्या यायचा. कोणी खरंच बसला तर टोपात काय आहे, हे तुम्ही कधी बघितलं का?" मी म्हटलं, तो शेठ सोडला तर कोण बसला? ती म्हणाली, "बसला नाही. पण मी रोज एक भाकर जास्त थापली." हे मला माहीत नव्हतं.

फ्लॅटमधल्या पहिल्या रविवारी मी खुर्ची दाराशी ओढली, ताट मांडीवर घेतलं आणि दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधली बाई पिशव्या घेऊन लिफ्टमधून बाहेर आली.

"या जेवायला," मी म्हटलं.

ती दचकली. "नाही काका, थँक्यू. आमचं ऑर्डर केलंय." आणि घाईनं कुलूप काढून आत गेली. मागोमाग तिचं ते जेवण घेऊन माणूस आला. त्यालाही हाक घातली. त्यानं मोबाइल बघितला, मग मला विचारलं, "अंकल, ऑर्डर आपका है?"

संध्याकाळी समोरच्या बाईचा नवरा माझ्या मुलाला खाली भेटला आणि हळूच म्हणाला, "तुमच्या वडिलांना काही प्रॉब्लेम आहे का? म्हणजे, विसरतात वगैरे?" मुलानं घरी येऊन सांगितलं. वाईट बोलला नाही तो, स्वभावानं गरीब आहे. एवढंच म्हणाला, "बाबा, इथं असं नाही करत. लोकांना वेगळं वाटतं."

"नाही करत तर नाही," मी म्हटलं. उठलो आणि दार मीच लावलं. चांगलं बसवलेलं दार, अजिबात आवाज झाला नाही.

त्या दिवसापासून अन्न खाली उतरेना. मी रुसलो होतो असं घरात वाटलं. पहिल्यांदा रुसलोही असेन. पण रुसणं चार दिवसांचं असतं. हे तसं नव्हतं. ताट समोर ओढायचो, भाकर मोडायचो. घास तोंडात फिरायचा आणि फिरतच राहायचा. टेबलाभोवती सगळे असायचे, टीव्ही चालू असायचा, भाजी सूनबाई मायेनं वाढायची. आणि मला मात्र आपण लपून जेवतोय असं वाटायचं, जसं काही चोरून आणलेलं आहे. पँटला दोरी बांधायची वेळ आली. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, सगळं चांगलं निघालं. तेव्हा सूनबाई मुलाला म्हणाली, मी बाहेरच्या खोलीत ऐकलं, "मनाच्या डॉक्टरांना दाखवू या. असंच चाललं तर सलाइन लावून ठेवावं लागेल."

मी म्हटलं, मी येणार नाही. आमच्याकडं असं काही नसतं. आमच्या लोकांनी काय काय सोसलं, कोणी गोळी घेतली मनाची? गाव सोडून आलेल्या माणसाला तर ही मुभाच नाही. गावी गेलं की पारावरचे विचारतात, कसं काय तिकडं? आपण म्हणतो, एकदम बेस. करमत नाही असं म्हटलं की तो माणूस हरला. कारखान्यात रंगाचं काम करणारा एक होता, तो एकदा असाच गप्प झाला. आम्ही त्याला चहा पाजला, चार जोक केले, मग कारखान्याच्या मालकानं त्याला गावी पाठवला. काय झालं होतं ते कोणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. सांगायची रीतच नव्हती.

म्हातारीनं मला नेलं. ती भांडली नाही. सकाळी माझा इस्त्रीचा शर्ट काढून पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "मला विहारात जायला तुम्ही जिवंत पाहिजेत. तुमच्या शोकसभेत विधवा म्हणून पहिल्या रांगेत बसायची मला हौस नाही."

डॉक्टर बाई तरुण होती. मला वाटलं डोक्याला तारा लावतील. तिनं नुसतं पाणी दिलं.

"भूक कधीपासून नाही, बाबा?"

"दार लावलं तेव्हापासून."

बरोबर आलेला मुलगा म्हणाला, "शिफ्ट झाल्यापासून, मॅडम."

"मी यांना विचारतेय," ती म्हणाली. मला तेवढ्यानं ती बरी वाटली. मग मी तिला हाकेचं सांगितलं. गावाचं, बापाचं, शेठचं. ती हसली नाही. नगरकडची होती, म्हणाली, आमचे आजोबा पण हाक घालायचे. मग विचारलं, "आणि तुम्हाला कोण घालायचं?"

"आमच्या आळीत सगळेच."

"आता?"

मी पंख्याकडं बघितलं. एवढी वर्षं मी हाक घालण्याचंच धरून बसलो होतो. गाव सोडल्यापासून आपल्याला कोणी घातली नाही, याचा विचार केला नव्हता.

तिनं गोळ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, "गोळीनं दार उघडतं का?"

"नाही. दाराचं तुम्ही घरी बघा, मी झोपेचं बघते," ती म्हणाली. "आणि रोज जेवणाआधी चालून या. लांब."

गोळ्या घेतल्या, खोटं कशाला सांगू. झोप लागायला लागली. चालायलाही लागलो. सोनिवली मागं टाकून बारवी धरणाच्या रस्त्यानं, जिथं बिल्डिंगी संपतात आणि भाताची शेतं लागतात. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून झालं होतं. पाड्यांवर झोडणी चालली होती. पेंढ्याचा वास मला मानवतो. भूक मात्र नव्हती.

एका दुपारी रस्त्याला लागूनच एक खळं होतं. सारवलेलं, मधोमध भाताची रास, कडेला पेंढा. झोडणारी माणसं सावलीला जेवायला बसली होती. त्यांच्यातली म्हातारी सगळ्यांना वाढून आपण भाकर हातावर घेऊन बसली होती. मी खाली बघून चाललो होतो. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "या बाबा, जेवाला या."

मला कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, "होऊ द्या, होऊ द्या."

तिनं मान हलवली. रीत झाली. ती जेवायला लागली, मी पुढं चाललो.

चार पावलं गेलो नसेन, तर वाऱ्यानं तांदळाच्या भाकरीचा आणि भाजलेल्या सुकटीचा वास आणला आणि माझ्या पोटात कळ आली. नीट ओळखली मी ती. भूक होती. इतक्या महिन्यांनी आली ती नेमकी मी नाही म्हटल्यावर. आता मागं कसं फिरणार? पहिल्या हाकेला बसतो तो खुळा. मी पाय ओढत चाललो, कान मागं ठेवून. दुसरी हाक आली असती तर खरं सांगतो, मी पळत गेलो असतो. आली नाही. का यावी? मीच होऊ द्या म्हटलेलं. तिच्याकडं रीत पुरी झाली होती.

पुढं ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलो आणि मग एकेक सुचायला लागलं. ते खळं होतं. आजा ज्याच्या कडेला उभा राहायचा आणि बापानं ज्याच्याकडं बघणं सोडलं, तसलंच खळं. आणि खळ्यावरच्या बाईनं मला हाक घातली, मी कुठला, कोणाचा, काही न विचारता. मी उभं न राहता, न वाकता, चालता चालता उत्तर दिलं. बाप आयुष्यभर हाक घालत राहिला, पण खळ्यावरच्या हाकेला "होऊ द्या" म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. त्याला कोणी त्या जागेवर बोलावलंच नाही. ते त्याच्या वाट्याचं माझ्या तोंडून निघालं. मला बाप आठवला, त्याची मांडी, त्याच्या पुढ्यातला ठेचा. त्याला हे सांगायला पाहिजे होतं. सांगायला कोणी नव्हतं, रस्त्यानं एक टँकर गेला.

घरी आलो आणि म्हातारीला म्हटलं, "वाढ." तिनं वरण-भात दिला, मी खाल्ला, परत मागितला. दार बंदच होतं.

त्यानंतर रोज त्याच वाटेनं, त्याच वेळेला. खळ्यावरच्या म्हातारीनं हाक घालावी, मी होऊ द्या म्हणावं. पुढं पुढं तिची माणसं हसायला लागली. एकदा तिचा मुलगा म्हणाला, "बाबा, रोज व्हऊ द्या व्हऊ द्या करता, कवा तरी बसा की." तीही म्हणाली, "बसा." ती दुसरी हाक होती. तरी बसलो नाही. का ते मला नीट सांगता येत नाही. बसलो असतो तर उद्या तिनं हाक घातली नसती, नुसतं ताट मांडलं असतं. मला ताट घरी होतं. मला हाक पाहिजे होती. ती कानात घेऊन मी घरी यायचो आणि जेवायचो.

पण झोडणी किती दिवस चालणार? एका दुपारी गेलो तर खळं रिकामं. रास घरात गेलेली, पेंढ्याची उडवी रचलेली, कोंबड्या उरलंसुरलं टिपत होत्या. कोणी नव्हतं. मी थोडा वेळ उभा राहिलो, कडेला, आणि परत फिरलो.

घरी म्हातारीनं माझं तोंड बघून ओळखलं. सगळं तिला तोपर्यंत माहीत होतं, सूनबाईनंच एकदा स्कूटरवरून जाताना मला तिथं बघितलं होतं. मी म्हटलं, "नको वाढूस." ती म्हणाली, "बसा तरी."

मुलगा-सून कामाला गेलेले. तिनं दोन ताटं केली. मग दाराकडं गेली आणि मोठं दार उघडून भिंतीला टेकवलं. जाळीचं दार तेवढं लावलेलं ठेवलं, मांजरं येतात म्हणून. आणि दारासमोर चटई टाकली.

"हे कशाला?" मी म्हटलं. "इथं असं नाही करत."

"तुम्ही नका करू. तोंड मिटून बसा."

आम्ही बसलो. भाकर होती, पिठलं होतं. लिफ्ट वाजली. समोरची बाई बाहेर आली, कानाला फोन. मी खरंच तोंड मिटून बसलो, मला एकदा नको म्हणून सांगितलेलं पुरतं. म्हातारीनं पदर सारखा केला. जिनं जन्मभर माझ्या हाकेची धास्ती घेतली, तिनं मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, "या जेवायला."

बाईनं फोनवर हात ठेवून आमच्याकडं बघितलं, थोडं हसल्यासारखं केलं आणि आत गेली. दार लागलं.

"काही बोलली नाही," मी म्हटलं.

"त्यांचं ते बघतील," म्हातारी म्हणाली. "टोपात आज भरपूर आहे. जेवा तुम्ही."

मी भाकर मोडली. जिना रिकामा होता. तरी मी घास तोंडाशी नेताना थोडं थांबलो, कान तिकडं लावून, आणि मग खाल्ला.